गारठलेल्या इंजिनाची नाडीपरीक्षा

डिझेलवर चालणाऱ्या जुन्या जर्मन मोटारींच्या मालकांबद्दल तिकडे एक विनोद प्रचलित होता. हिवाळ्यात सकाळी मोटारीत बसल्यावर किल्ली अर्धवट फिरवायची, इंजिनातील तारा तापेपर्यंत मिनिटभर थांबायचे आणि मगच सेल्फ मारायचा. या सक्तीच्या थांबण्याला लोक 'रुडॉल्फ डिझेल स्मृतिमिनिट' म्हणत. इंजिनाच्या जनकाला रोज सकाळी एक मिनिट स्तब्ध उभे राहून श्रद्धांजली!

विनोदाचा भाग सोडला तरी प्रश्न खरा आहे. जे इंजिन दुपारी चटकन सुरू होते, तेच पहाटेच्या थंडीत का रुसते? आणि रुसलेच तर त्याचे नेमके काय दुखते आहे, हे इंजिन न उघडता ओळखायचे कसे? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे पहिल्याच्या इतिहासात दडलेले आहे असे आम्हांला वाटते. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत थंडीवर मात करण्यासाठी जे जे उपाय निघाले, त्यांतला प्रत्येक उपाय इंजिनाच्या एकेका गरजेवर होता. त्या गरजा ओळीने मांडल्या की बिघाड शोधण्याची यादी आपोआप तयार होते.

काडी न ओढता आग

पेट्रोल इंजिनात हवा व इंधन यांच्या मिश्रणाला ठिणगी लावण्यासाठी स्पार्क प्लग असतो. डिझेल इंजिनात ठिणगी नाही. तिथे आधी नुसती हवा सिलिंडरमध्ये घेऊन ती जोराने दाबतात. दाबलेली हवा तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे टोक गरम लागते, तोच हा प्रकार, फक्त कितीतरी अधिक तीव्र. या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडला की तो आपणहून पेटतो.

ही युक्ती माणसाला इंजिनाच्या फार आधीपासून ठाऊक होती. आग्नेय आशियात बांबूच्या किंवा लाकडाच्या नळीत घट्ट बसणारा दट्ट्या झटक्यात आत दाबून टोकाशी ठेवलेला काथ्या पेटवीत असत. रुडॉल्फ डिझेल (१८५८–१९१३) म्युनिकला कार्ल फॉन लिंडे यांचा विद्यार्थी होता. उष्णतेचे अधिकात अधिक काम कसे करून घ्यावे, हा प्रश्न तिथेच त्याच्या मनात रुजला. १८९३ मध्ये त्याला जर्मन पेटंट मिळाले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आउग्जबुर्गच्या यंत्रकारखान्यात पहिली चाचणी झाली. सिलिंडरमध्ये स्फोट झाला, दाब मोजणारे उपकरण फुटून उडाले आणि डिझेल थोडक्यात बचावला. इंजिन चालले नाही. पण नुसत्या दाबाने आग लागते, हे मात्र सिद्ध झाले. पुढे १८९७ च्या फेब्रुवारीत प्राध्यापक मॉरिट्झ श्र्योटर यांनी सुधारलेल्या इंजिनाची रीतसर चाचणी घेतली. इंधनातील २६.२ टक्के ऊर्जा कामी येत असल्याचे दिसले. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांना याच्या निम्मेही साधत नव्हते.

थोडे गणित

थंडीने नेमके काय बिघडते, हे पाहण्यासाठी अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना सहज जमेल असे एक गणित आपण करू. समजा, हवा मूळ आकारमानाच्या विसाव्या हिश्श्यात दाबली. उष्णता अजिबात बाहेर गेली नाही असे धरले, तर केल्विनमधील तापमान २० च्या ०.४ व्या घाताने, म्हणजे सुमारे ३.३ पटींनी वाढते. सुरुवातीला हवा २७° सेल्सिअस (३०० केल्विन) असेल, तर शेवटी ती सुमारे ७२०° से. होईल. सुरुवात उणे २०° से. (२५३ केल्विन) पासून केली तर सुमारे ५६५° से. दोन्ही तापमाने डिझेल पेटायला पुरेशी. मग अडचण कुठे आली?

अडचण आपल्या गृहीतात आहे. गार इंजिनाचे लोखंड हवेतली उष्णता भराभर ओढून घेते. शिवाय सेल्फवर इंजिन सावकाश फिरत असल्याने थोडी हवा पिस्टनच्या रिंगांजवळून निसटते. हे नुकसान हिशोबात घेण्यासाठी आपण ०.४ ऐवजी ०.२५ हा घात वापरून पाहू. आता तापमान जेमतेम २.१ पट वाढते. २७° पासून निघालो तर सुमारे ३६०° से., आणि उणे २०° पासून निघालो तर सुमारे २६०° से. डिझेल उघड्या भांड्यात आपणहून पेटते ते साधारण २१० ते २५० अंशांच्या दरम्यान, पण तिथे त्याला वेळ भरपूर असतो. इंजिनात फवारा उडून पेटायला सेकंदाचे काही सहस्रांश भागच मिळतात. एवढ्या घाईत पेटायचे तर तापमान बरेच चढे हवे. म्हणजे उणे २०° ला गाडी अगदी काठावर, किंबहुना काठाच्या अलीकडेच उभी असते.

या गणितातून तीन गरजा स्पष्ट होतात. हवा तापली पाहिजे, हवा निसटता कामा नये आणि हे सगळे झटपट झाले पाहिजे. चौथी गरज उघडच आहे. इंधन फवाऱ्याच्या तोंडापर्यंत पोहोचले पाहिजे. उष्णता, दाब, वेग आणि इंधन. पुढचा सगळा इतिहास या चौघांभोवती फिरतो.

उष्णता : बाहेरून ऊब देण्याचे उपाय

डिझेलच्या आधीच, १८९० च्या सुमारास, इंग्लंडमध्ये हर्बर्ट ॲक्रॉइड स्टुअर्टने एक वेगळे इंजिन बनवले होते. त्यात हवा फार दाबत नसत. सिलिंडरच्या डोक्याला जोडलेला एक पोकळ लोखंडी गोळा आधी बाहेरून ब्लोलॅम्पने चांगला तापवायचा आणि इंधन त्यावर सोडायचे. इंजिन एकदा चालू झाले की गोळा आपल्याच उष्णतेने तापलेला राही. ग्रँथमच्या हॉर्न्सबी कंपनीने अशी इंजिने विकली. १९२१ पासून निघालेला जर्मनीतला लान्झ बुलडॉग ट्रॅक्टरही याच तत्त्वावर चाले. शेतकऱ्याला सकाळी आधी दिवा पेटवावा लागे आणि काही मिनिटांनी इंजिन. शेतात हे चालून जाई. मोटारीत असा दिवा कोण पेटवणार?

सुरुवातीची डिझेल इंजिने तर अवाढव्य होती. इंधन आत ढकलण्यासाठी त्यांना हवेचा वेगळा कॉम्प्रेसर लागे. तेव्हा ती कारखान्यात किंवा जहाजावरच शोभत. हे जोखड काढण्यात मोठा वाटा प्रॉस्पर लोरांज या अभियंत्याचा. मानहाइमच्या बेन्झ कंपनीत असताना १९०९ मध्ये त्याने एक पेटंट घेतले. मुख्य सिलिंडरला लागून एक लहान कोठडी ठेवायची, इंधन तिथे सोडायचे, तिथे अर्धवट जळलेला लोळ अरुंद छिद्रांतून सिलिंडरमध्ये घुसतो आणि उरलेले इंधन ढवळून जाळतो. कॉम्प्रेसरची गरज संपली. १९२७ मध्ये बॉशने इंधन पंपाचे कारखानदारी उत्पादन सुरू केले आणि डिझेलला रस्त्यावर येण्याची वाट मोकळी झाली. फेब्रुवारी १९३६ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडीज-बेन्झची २६० डी ही मोटार आली. अडीच लिटरचे, चार सिलिंडरांचे, ४५ अश्वशक्तीचे ते इंजिन होते.

मात्र लोरांजच्या कोठडीने एक प्रश्न सोडवताना दुसरा वाढवून ठेवला. कोठडी म्हणजे आणखी भिंती, आणि भिंती म्हणजे उष्णतेची आणखी गळती. गरम इंजिनाला त्याचे काही वाटत नाही, गार इंजिनाचे मात्र हाल होतात. म्हणूनच कोठडीत विजेने लाल होणारी एक तार बसवावी लागली. तिला इंग्रजीत ग्लो प्लग म्हणतात. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये तोच 'हीटर प्लग' या नावाने ओळखला जातो. विनोदातले ते स्मृतिमिनिट म्हणजे हीटर तापण्याचा वेळ.

जुन्या मोटारींत हे हीटर एकसरीत जोडलेले असत. प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम एक व्होल्ट येई आणि उरलेला दाब वाटेतले रोधक खात. त्याच सरीत चालकासमोर जाळीमागे एक तार असे. ती लालभडक झाली की सेल्फ मारायचा. ही योजना सुरेख होती, कारण ती खोटे बोलू शकत नसे. माळेतला एक दिवा गेला की सगळी माळ विझते, तसे एक हीटर तुटले की समोरची तार पेटतच नसे. एखादे हीटर आतल्या आत चिकटून शॉर्ट झाले, तर तार नेहमीपेक्षा लवकर आणि जास्त प्रखर पेटे. एवढ्यावरून जाणता चालक बिघाड ओळखी.

१९७० च्या दशकात पेन्सिलीसारखे, धातूच्या नळीत बंद केलेले हीटर आले आणि ते समांतर जोडले जाऊ लागले. प्रत्येकाला बॅटरीचा जवळजवळ पूर्ण दाब मिळू लागला आणि मिनिटाचे काम काही सेकंदांत होऊ लागले. एक हीटर गेले तरी बाकीचे चालू राहतात, ही सोय झाली. पण त्याबरोबर एक जुनी सोय गेली. समोरचा पिवळा दिवा आता हीटरची तब्येत सांगेना. तो फक्त 'थांबा' आणि 'निघा' एवढेच सांगू लागला. चारांपैकी दोन हीटर मेलेली असली तरी दिवा शहाण्यासारखा लागतो आणि विझतो. यंत्र सोपे झाले की निदान अवघड होते, याचे हे लहानसे उदाहरण.

इथे ओहमचा नियम कामी येतो. गार असताना अशा हीटरचा रोध साधारण एक ओहमच्या आत असतो, म्हणजे १२ व्होल्टवर प्रत्येकी दहा-पंधरा अँपिअर प्रवाह. तारा सोडवून मीटर लावला आणि एखाद्याचा रोध अनंत आला, की चोर सापडला. सुट्या भागांवर पैसे खर्च करण्याआधी दहा मिनिटांचे हे मोजमाप करावे.

वेग : बॅटरी, वंगण आणि खटका

इंजिन मिनिटाला २०० फेरे घेत असेल तर हवा दाबण्याचा अर्धा फेरा ०.१५ सेकंदात होतो. १०० फेऱ्यांवर तोच ०.३ सेकंद घेतो. हवेला गार व्हायला आणि निसटायला दुप्पट वेळ मिळतो. म्हणून सेल्फचा वेग हा उष्णतेचाच प्रश्न आहे.

आणि थंडीत वेगावर दोन्ही बाजूंनी संक्रांत येते. वंगण घट्ट झाल्याने इंजिन फिरायला जड जाते, त्याच वेळी बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते. शिसे-आम्लाची बॅटरी उणे १८ अंशांना आपल्या नेहमीच्या जोराच्या निम्म्याच्या आसपास येते. बॅटरीवर थंडीतल्या प्रवाहाचा जो आकडा छापतात तो नेमका याच तापमानाला मोजलेला असतो. तेलाच्या डब्यावरील 'पंधरा-डब्ल्यू-चाळीस' मधला डब्ल्यू हिवाळ्यासाठीच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर आहे. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके तेल थंडीत पातळ.

वेगाचे महत्त्व आपल्या शेतकऱ्यांना कोणी शिकवावे लागले नाही. पुण्याची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ ची. अशा कंपन्यांची पाण्याची इंजिने विहिरींवर बसली आणि हँडल मारून ती सुरू करणे हा गावोगावचा नेहमीचा देखावा झाला. त्यांवर एक खटका असतो. तो दाबला की झडप उघडी राहते, हवा दाबली जात नाही आणि हँडल हलके फिरते. जड चाकाने पुरेसा वेग घेतला की खटका सोडायचा. चाकात साठलेली ऊर्जा एका दमात हवा दाबते आणि इंजिन धडधडते. खटका लवकर सोडला तर इंजिन अडते. गतिज ऊर्जेचा इतका चांगला पाठ पुस्तकात क्वचितच सापडेल.

दुसऱ्या महायुद्धातील सोव्हिएत टी-३४ रणगाड्याने तर वेगासाठी बॅटरीवरच विसंबून राहायचे नाकारले. त्याच्या डिझेल इंजिनासाठी विजेच्या सेल्फबरोबर दाबलेल्या हवेच्या बाटल्याही ठेवलेल्या होत्या. बॅटरी गारठली तरी बाटलीतली हवा इंजिन फिरवी.

इंधन : चांगुलपणाचा तोटा

चौथी गरज इंधनाची. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला हॉलंडमधील डेल्फ्टच्या प्रयोगशाळेत बुर्लाख आणि ब्रुझे या संशोधकांनी डिझेल किती चटकन पेटते हे मोजण्याचा मार्ग सुचवला. त्यातूनच आजचा सीटेन अंक आला. सीटेन म्हणजे सोळा कार्बनांची सरळ साखळी. ती फार लवकर पेटते, म्हणून तिला १०० गुण. आपल्या भारत स्टेज सहाच्या डिझेलला किमान ५१ गुण लागतात.

मग डिझेलमध्ये अशा सरळ साखळ्याच भराव्यात की! निसर्ग तेवढा उदार नाही. लवकर पेटणाऱ्या याच साखळ्या थंडीत एकमेकींना बिलगून मेण बनतात. शुद्ध सीटेन सुमारे १८° से. ला गोठते. म्हणजे डिसेंबरातल्या पुण्याच्या पहाटे हे आदर्श इंधन टाकीत घट्ट होऊन बसेल. तेव्हा डिझेल बनवणारा रसायनशास्त्रज्ञ कायम दोन दगडांवर पाय ठेवून उभा असतो. पेटण्यासाठी सरळ साखळ्या हव्यात आणि वाहण्यासाठी त्या नकोत. त्यात मिसळायची काही द्रव्ये मेण होणे थांबवत नाहीत, पण त्याचे स्फटिक बारीक ठेवतात, म्हणजे फिल्टर तुंबत नाही.

युरोपात ऋतू व प्रदेशानुसार डिझेलचे वर्ग ठरलेले आहेत. सर्वांत थंड प्रदेशांसाठीच्या वर्गात उणे ४४ अंशांपर्यंत फिल्टरमधून जाणारे इंधन असते. आपल्याकडे हा प्रश्न लडाखमध्ये अगदी जीवनमरणाचा होता. हिवाळ्यात तिथे पारा उणे ३० पर्यंत उतरतो आणि साधे डिझेल थिजते. गाडी बंद म्हणजे रुग्णही अडकला आणि रसदही. टाकीखाली शेकोटी करणे किंवा डिझेलमध्ये रॉकेल मिसळणे असे धोक्याचे उपाय चालक करीत. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने पानिपतच्या शुद्धीकरण कारखान्यात बनवलेले खास हिवाळी डिझेल तिथे आणले. ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहते.

धुराची साक्ष

आता नाडीपरीक्षा. गाडी थंडीत सुरू होत नाही, तेव्हा पहिला प्रश्न एकच. सेल्फ मारताना मागून धूर येतो का?

धूर अजिबात नाही, म्हणजे इंधन पोहोचतच नाही. टाकीत मेण झाले असेल, फिल्टर तुंबला असेल, पंपाची विजेवर उघडणारी झडप उघडत नसेल किंवा नळीने हवा धरली असेल. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येत असेल, तर इंधन पोहोचते आहे पण पेटत नाही. तो धूर म्हणजे न जळलेल्या डिझेलचे थेंब. दोष उष्णतेत, दाबात किंवा वेगात शोधायचा.

पुढचा प्रश्न काळाचा. गाडी फक्त गार असताना रुसते आणि गरम झाल्यावर निमूट सुरू होते, तर आधी हीटर तपासावेत. गरम असतानाही तीच रड असेल, तर रिंग, झडपा किंवा इंधन सोडण्याची वेळ यांच्याकडे वळावे. रात्रभर उभी राहिल्यावर बराच वेळ सेल्फ मारावा लागतो, पण नंतर इंजिन स्वच्छ चालते, असे असेल तर नळीत हवा शिरत असण्याचा संभव मोठा. जाणते मेकॅनिक तिथे पारदर्शक नळीचा तुकडा बसवून सकाळी बुडबुडे पाहतात. आणि कडाक्याच्या थंडीत गाडी सुरू होते, पण चार-दोन किलोमीटरवर दम तोडते, तर फिल्टरवर मेण साचत आहे.

एक इशारा द्यायलाच हवा. चटकन पेटणाऱ्या ईथरचा फवारा हवेच्या वाटेत मारून गाडी सुरू करण्याचा उपाय काहीजण सुचवतात. हीटर असलेल्या इंजिनात तो करू नये. ईथर अवेळी पेटून पिस्टन फुटू शकतो आणि माणसाला इजाही होऊ शकते. शिवाय त्याने आजार दडतो, बरा होत नाही.

नव्या इंजिनांत कोठडी गेली आहे. १९९७ पासून मोटारींत आलेल्या कॉमन रेल पद्धतीत फवारा थेट सिलिंडरमध्ये, अतिशय उच्च दाबाने सुटतो. भिंती कमी झाल्याने उष्णता टिकते. त्या जोरावर २०१२ मध्ये माझ्दाने हवा केवळ चौदाव्या हिश्श्यापर्यंत दाबणारे डिझेल इंजिन आणले. पण दाब कमी केल्याबरोबर जुना प्रश्न पुन्हा दारात उभा राहिला. मग त्यांना चिनीमातीच्या जातीतल्या, सेकंदा-दोन सेकंदांत तापणाऱ्या हीटरची मदत घ्यावी लागली, आणि गार इंजिनात बाहेर जाणारा थोडा गरम वायू परत आत ओढून घेण्याची सोय करावी लागली. साधने बदलली, चार गरजा त्याच राहिल्या.

शिक्षकांनी हे वर्गात जरूर मांडून पाहावे. फळ्यावर उष्णता, दाब, वेग, इंधन असे चार रकाने आखावेत. मग 'पांढरा धूर येतो, सेल्फ जोरात फिरतो, दुपारी गाडी ठीक' अशी एकेक तक्रार सांगून विद्यार्थ्यांना एकेक रकाना पुसायला लावावे. कोणता रकाना पुसला यापेक्षा कशाच्या आधारे पुसला, हे विचारावे. आधार सांगता आला नाही तर रकाना फळ्यावर तसाच राहू द्यावा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दिसले तेवढेच मानायचे आणि पुरावा मिळेपर्यंत एकही शक्यता सोडायची नाही, हा प्रयोगशाळेतला नियम आहे. चांगला मेकॅनिक तो न सांगता पाळतो. पाचशे रुपयांचा हीटर बदलायचा की सबंध पंप, हे त्या नियमावर ठरते.